बिल भरले, तरी विलंब शुल्क का?

मोबाइलच्या बिलासंबंधी आलेली पत्रे एकत्र वाचताना एक गोष्ट सतत जाणवत राहिली. विलंब शुल्काची तक्रार करणाऱ्या बहुतेक वाचकांजवळ बिलापुरते पैसे होते, भरण्याची इच्छाही होती, आणि काही जणांनी तर आपल्या समजुतीप्रमाणे ते वेळेवर भरलेही होते. चुकली ती तारीख, आणि तीही बहुधा एखाद्या दिवसाने. म्हणून या अंकात तारखेचा हा विषय जरा सविस्तर घेतला आहे. पत्रे संक्षिप्त करून दिली आहेत आणि पत्रलेखकांची नावे वगळली आहेत. आधी वापर आणि नंतर बिल अशा पोस्टपेड जोडणीला धरूनच ही उत्तरे लिहिली आहेत.

प्रश्न : माझ्या बिलाची शेवटची तारीख 23 होती. त्याच दिवशी रात्री साडेदहाच्या सुमारास मी बँकेच्या अ‍ॅपवरून पूर्ण रक्कम भरली आणि ती तत्काळ माझ्या खात्यातून वजाही झाली. तरी पुढच्या बिलात विलंब शुल्क लागले. रक्कम 25 तारखेला जमा झाली, असे ग्राहक सेवा केंद्राने सांगितले. पैसे माझ्याकडून गेले ती तारीख खरी, की त्यांच्याकडे पोहोचले ती?

उत्तर : आपण नेमके मर्मावर बोट ठेवले आहे. बहुतेक कंपन्यांच्या अटींनुसार रक्कम कंपनीच्या हिशेबात आपल्या मोबाइल खात्यावर नोंदली जाते, तो दिवस भरणा झाल्याचा दिवस मानला जातो. बिलावर ‘या तारखेपर्यंत भरा’ असे छापलेले असले तरी त्याचा अर्थ ‘या तारखेपर्यंत आमच्याकडे पोहोचू द्या’ असाच घ्यायला हवा. हा फरक बिलाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. पण तो बहुधा मागच्या पानावरील बारीक टायपातल्या अटींत असतो आणि ग्राहकाला तो शुल्क लागल्यावरच कळतो.

पैसे निघणे आणि पोहोचणे यांत किती वेळ जाईल, हे त्यांच्या वाटेवर अवलंबून असते. कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपवर किंवा संकेतस्थळावर कार्डाने भरणा केला, तर नोंद साधारणपणे काही मिनिटांत होते, कारण मध्ये फारसे कोणी नसते. बँकेच्या ‘बिल भरा’ या सोयीतून किंवा दुसऱ्या एखाद्या अ‍ॅपमधून भरलेली रक्कम काही वेळा लगेच पोहोचते. पण काही वेळा दिवसभराचे भरणे एकत्र करून कंपनीकडे एकगठ्ठा पाठवले जातात, आणि मध्ये बँकेची सुट्टी आली की हा गठ्ठा पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत थांबतो. आपल्या बाबतीत हेच घडले असावे. रात्री साडेदहा ही वेळ त्या दिवसाचा गठ्ठा निघून गेल्यानंतरची असू शकते. म्हणजे आपली रक्कम 24 तारखेला निघाली आणि 25 ला नोंदली गेली, असे सहज होऊ शकते. धनादेश पेटीत टाकणाऱ्यांनी तर तो वटेपर्यंतचे दिवसही मोजायला हवेत.

आता लागलेल्या शुल्काचे काय करावे? ते परत मागावे. संकोच करू नये. आपली रक्कम अंतिम तारखेलाच खात्यातून गेली होती, याचा पुरावा बँकेच्या विवरणपत्रात आहे. त्यातील व्यवहार क्रमांक, तारीख आणि शक्य असल्यास वेळ कागदावर उतरवून घ्या आणि मगच ग्राहक सेवा केंद्राला फोन करा. आधीची बिले वेळेवर भरलेली असतील, तर तेही सांगा. चांगल्या ग्राहकाचे पहिल्यांदा लागलेले शुल्क माफ करण्याचा अधिकार फोनवरच्या कर्मचाऱ्याला अनेक ठिकाणी असतो, पण मागितल्याशिवाय तो वापरला जात नाही. त्याने होकार दिला, तर ‘ही रक्कम पुढच्या बिलात वजा होईल ना’ असे विचारून तक्रार क्रमांक लिहून घ्या आणि पुढचे बिल आल्यावर ती ओळ शोधून पाहा. तोंडी होकार मिळूनही बिलात वजावट न दिसल्याची पत्रे माझ्याकडे आली आहेत, आणि ज्यांच्याजवळ तक्रार क्रमांक होता त्यांचेच काम दुसऱ्या फोनमध्ये झाले.

यापुढे एक करा. बिलावरची तारीख कंपनीची समजा आणि त्याच्या पाच दिवस आधीची तारीख आपली ठरवा. 23 अंतिम असेल, तर दिनदर्शिकेवर 18 ला खूण करा आणि 23 चा आकडा डोक्यातून काढून टाका. भरल्यानंतर दोन दिवसांनी कंपनीच्या अ‍ॅपमध्ये थकबाकी शून्य दिसते का, तेवढे पाहिले की झाले. काही अडकले असेल, तर ते निस्तरायला आपल्या हाती आणखी तीन दिवस उरतात.

आणखी एक मुद्दा येथेच सांगतो, कारण तो तीन पत्रांत आला आहे. पैसे खात्यातून गेले, पण अ‍ॅपवर ‘प्रक्रिया सुरू आहे’ एवढेच दिसत राहिले, तर पुन्हा भरावे का? अंतिम तारीख चार-पाच दिवसांवर असेल, तर थांबावे. असे व्यवहार बहुधा पूर्ण होतात किंवा रक्कम आपसूक परत येते. अंतिम तारीख त्याच दिवशी असेल आणि दुसऱ्यांदा भरण्याची ऐपत असेल, तर मी कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपवरून पुन्हा भरण्याच्या बाजूचा आहे. दोनदा पोहोचलेली रक्कम साधारणपणे आपल्याच खात्यात जमा राहते आणि पुढच्या बिलातून वळती होते. ती बुडत नाही.

प्रश्न : फक्त तीन दिवस उशीर झाला आणि संपूर्ण महिन्याचे शुल्क लागले. दिवसांच्या प्रमाणात आकारणी व्हायला नको का? विलंब शुल्क नक्की कसे मोजतात?

उत्तर : तीन पद्धती आढळतात. काही कंपन्या ठराविक रक्कम लावतात, मग उशीर एका दिवसाचा असो वा वीस दिवसांचा. काही कंपन्या थकलेल्या रकमेवर दरमहा शेकडा अमुक या हिशेबाने आकारणी करतात. काही ठिकाणी दोन्हींपैकी जे जास्त भरेल ते घेतात, आणि शेवटच्या या पद्धतीत लहान बिलाच्या ग्राहकाला सर्वाधिक भुर्दंड बसतो.

बिलाची रक्कम 600 धरा आणि ठराविक शुल्क 60 धरा. तीन दिवसांच्या उशिरासाठी शेकडा दहा! तेच बिल 3000 चे असते, तर हे शुल्क शेकडा दोन भरले असते. म्हणजे ज्याचा वापर कमी, त्याला दंड जड. शेकडेवारीच्या पद्धतीत दर छोटा वाटतो, पण थकबाकी साचू दिली की तो छोटा राहत नाही. दरमहा शेकडा दोन हा दर साध्या हिशेबाने वर्षाला 24 होतो, आणि न भरलेले शुल्कही थकबाकीत मिळवून त्यावर पुन्हा आकारणी होत गेली, तर वर्षाअखेर तो जवळजवळ 26.8 वर जातो.

दिवसांच्या प्रमाणात आकारणी व्हावी, हे आपले म्हणणे मला न्याय्य वाटते. मात्र जोडणी घेताना सही केलेल्या अटींत ठराविक शुल्क लिहिलेले असेल, तर त्या मुद्द्यावर वाद घालून हाती फारसे लागत नाही. त्याऐवजी आपल्या कंपनीने काही सवलतीचे दिवस ठेवले आहेत का, ते विचारून घ्यावे. अंतिम तारखेनंतर काही दिवस शुल्क न लावण्याची पद्धत काही ठिकाणी असते. ती असली तरी तिच्यावर विसंबू नये.

प्रश्न : बिल आपोआप भरले जावे, अशी सूचना मी दोन वर्षांपूर्वी देऊन ठेवली होती, आणि तेव्हापासून मी निश्चिंत होतो. गेल्या महिन्यात अचानक विलंब शुल्क लागले आणि बँकेनेही वेगळे शुल्क कापले. आपोआप भरण्याची सोय असताना असे होऊच कसे शकते?

उत्तर : आपले पत्र वाचताना मला माझाच अनुभव आठवला. काही वर्षांपूर्वी माझे बँकेचे कार्ड हरवले. मी ते त्याच तासाला बंद करून घेतले, आठवड्याभरात नवे कार्ड आले, आणि कार्डाचे प्रकरण संपले असे मी मानले. मोबाइलच्या बिलाची स्वयंचलित सूचना जुन्या कार्डाच्या क्रमांकाला बांधलेली आहे, हे माझ्या ध्यानातही आले नाही. त्याच सुमारास आई आजारी होती आणि मी तिच्या उशाशी बसून होतो. ‘भरणा होऊ शकला नाही’ असा मेसेज आलेला मी पाहिला, पण तो जाहिरातीच्या वीस मेसेजांच्या गर्दीत होता आणि मी बोटाने वर सरकवून टाकला. दहा दिवसांनी डॉक्टरांना फोन लावला, तेव्हा आपली आउटगोइंग सेवा स्थगित असल्याचे पलीकडचा ध्वनिमुद्रित आवाज सांगत होता. परिचारिकेने स्वतःचा फोन पुढे केला, म्हणून तो निरोप गेला. त्या दिवसापासून स्वयंचलित भरण्याला मी सोय मानतो, पण माझी जबाबदारी त्याने संपली असे मानत नाही.

ही सूचना निष्फळ ठरण्याची कारणे ठरलेली आहेत. कार्ड बदलणे हे पहिले. कार्डावर महिना आणि वर्ष छापलेले असते आणि त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंतच ते चालते. नवे कार्ड आले तरी काही ठिकाणी सूचना नव्याने द्यावी लागते. दुसरे कारण म्हणजे त्या दिवशी खात्यात पुरेशी शिल्लक नसणे. आपल्याला बँकेने वेगळे शुल्क लावले, त्या अर्थी आपले कारण बहुधा हेच असावे, कारण वजावट नाकारली गेली की अनेक बँका त्याचे शुल्क घेतात आणि ग्राहकाला एकाच चुकीचे दोन दंड बसतात. तिसरे कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे कमाल मर्यादा. सूचना देताना ‘एका वेळी या रकमेपर्यंतच कापावे’ अशी मर्यादा आपण स्वतः घातलेली असते. नेहमीचे बिल तिच्या आत असते, म्हणून महिनोन्महिने सर्व सुरळीत चालते. मग एखाद्या महिन्यात परदेशी रोमिंग होते किंवा डेटा अधिक वापरला जातो, बिल मर्यादेच्या वर जाते आणि संपूर्ण भरणाच नाकारला जातो. मर्यादेइतकी रक्कम कापून उरलेली मागावी, असे यंत्रणा करत नाही.

उपाय असा. गेल्या बारा बिलांतील सर्वांत मोठे बिल पाहा आणि मर्यादा त्याच्या दीडपट ठेवा. वजावट अंतिम तारखेलाच होणार असेल आणि दिवस बदलण्याची सोय असेल, तर ती चार-पाच दिवस अलीकडे घ्या. अंतिम तारखेला वजावट फसली, तर चूक सुधारायला एकही दिवस मिळत नाही. वजावटीच्या दुसऱ्या दिवशी बँकेचा मेसेज आला की नाही, हे पाहण्यासाठी फोनमध्ये दरमहा वाजणारे एक स्मरणपत्र लावा. आणि कार्ड किंवा बँक खाते बदलले की त्याला बांधलेल्या सर्व सूचनांची यादी त्याच दिवशी हाती घ्या. मोबाइल हा त्यातला एक, बाकीचेही निघतील.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. पूर्वी बिल कागदावर यायचे, आता ते ईमेलवर येते असे सांगतात. माझा ईमेल मुलाने उघडून दिलेला आहे आणि मी तो क्वचितच पाहते. बिलच हाती आले नाही, तर उशिराबद्दल शुल्क लावणे योग्य आहे का? शिवाय बिलाची अंतिम तारीख महिन्याच्या 28 ला असते, आणि माझे निवृत्तिवेतन 1 तारखेला जमा होते.

उत्तर : बाई, आपल्या पत्रात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दुसरा अधिक महत्त्वाचा आहे, त्याचे उत्तर आधी देतो. कंपनीला फोन करून बिलाचे चक्र बदलून मागा. बहुतेक कंपन्यांकडे महिन्यातील काही ठरावीक तारखांची चक्रे असतात आणि ग्राहकाने मागितल्यास त्यांतील सोयीचे चक्र दिले जाते. बिल निघण्याची तारीख आणि भरण्याची अंतिम तारीख यांत साधारण दोन ते तीन आठवड्यांचे अंतर असते. आपली अंतिम तारीख 8 ते 12 च्या दरम्यान आली, तर निवृत्तिवेतन जमा झाल्यानंतर सावकाश भरायला पुरेसे दिवस मिळतील. चक्र बदलण्याच्या महिन्यात एक बिल कमी-अधिक दिवसांचे येईल. ते पाहून घाबरू नये, तो केवळ मधल्या दिवसांचा हिशेब असतो.

चक्र बदलून मिळत नसेल, तर आगाऊ भरण्याचा मार्ग आहे. पोस्टपेड खात्यात बिलापेक्षा अधिक रक्कम भरून ठेवता येते. ती जमा राहते आणि पुढील बिले तीतून वळती होत जातात. दोन-तीन महिन्यांची सरासरी रक्कम एकदम भरून ठेवली, तर तेवढ्या काळात तारीख चुकण्याचा प्रश्नच उरत नाही. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांना मी हाच मार्ग सुचवतो.

आता पहिला प्रश्न. बिल मिळाले नाही, हे कारण सहसा मान्य होत नाही, कारण कंपनीच्या नोंदीत ते पाठवलेले असते. आपण ते उघडले की नाही, याच्याशी तिला कर्तव्य नसते. मला हे कठोर वाटते, विशेषतः ज्यांनी ईमेलचा पर्याय स्वतः निवडलेला नाही त्यांच्या बाबतीत. म्हणून आपण कागदी बिल पुन्हा सुरू करण्याची विनंती जरूर करा. त्यासाठी थोडे वेगळे शुल्क असेल तर ते आधी विचारून घ्या. मिळत नसेल, तर बिलाचा सारांश मेसेजने पाठवायला सांगा. तेही जमत नसेल, तरी आपल्याजवळ एक भक्कम आधार आहे : चक्र एकदा ठरले की बिल दर महिन्याला त्याच तारखेला तयार होते. 5 ला बिल निघत असेल, तर 7 ला कंपनीच्या क्रमांकावर फोन करून किंवा मुलाकडून अ‍ॅप उघडवून रक्कम पाहता येते. बिल आपल्याकडे येण्याची वाट पाहण्याऐवजी आपणच त्याच्याकडे जावे. आपण इतकी वर्षे हजेरीपट ठेवला असेल. त्याच पद्धतीने एका वहीत महिना, रक्कम, भरल्याची तारीख आणि व्यवहार क्रमांक असे चार रकाने आखा. वर्षभराने ही वही फोनमधल्या कोणत्याही नोंदीपेक्षा अधिक कामाला येईल.

ईमेलबद्दल नोकरदार वाचकांनाही एक सांगावेसे वाटते. बिलासाठी कार्यालयाचा ईमेल दिलेला असेल, तर नोकरी सोडताना तो बदलायला विसरू नका. नोकरी बदलल्यानंतर दोन महिने बिलच न पाहिलेल्या एका वाचकाचे पत्र माझ्यासमोर आहे.

प्रश्न : नवीन जोडणीचे पहिलेच बिल योजनेच्या जवळजवळ दीडपट आले. मी ते चुकीचे समजून भरले नाही. आता त्यावर विलंब शुल्कही लागले आहे. चुकीचे बिल न भरण्याचा मला हक्क नाही का?

उत्तर : आपले बिल बहुधा चुकीचे नाही. मासिक भाडे आगाऊ घेतले जाते आणि योजनेबाहेरचा वापर मागाहून मोजला जातो, हा पोस्टपेड बिलाचा पाया आहे. समजा, 30 दिवसांच्या महिन्यात आपण 20 तारखेला जोडणी घेतली आणि आपले चक्र दर महिन्याच्या 5 ला सुरू होते. 20 ते 30 हे 11 दिवस आणि पुढच्या महिन्यातील 1 ते 4 हे 4 दिवस मिळून 15 दिवसांचे, म्हणजे अर्ध्या महिन्याचे भाडे झाले. त्यात पुढच्या चक्राचे पूर्ण भाडे मिळवले की दीड महिना भरतो. आपले दीडपट बिल असेच आले असावे. दुसरे बिल नेहमीच्या रकमेचे येईल.

तरीही आपल्या प्रश्नाचा गाभा महत्त्वाचा आहे, कारण बिले कधीकधी खरोखरच चुकतात. न मागितलेली एखादी सेवा सुरू झालेली असते किंवा बंद केलेल्या पॅकचे शुल्क पुन्हा लागते. रोमिंगचे आकडेही गोंधळात टाकतात : आपण दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावर केलेल्या कॉलची नोंद आपल्या कंपनीकडे नंतर पोहोचते, आणि प्रवास संपल्यानंतरच्या बिलात आधीच्या महिन्याचे कॉल दिसतात. ते चूक नसून उशिरा आलेले असतात.

खरी चूक सापडली, तर संपूर्ण बिल रोखून धरू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. संपूर्ण बिल थांबवले की ज्या रकमेबद्दल काही वाद नाही तिच्यावरही विलंब शुल्क लागते आणि वादात आपली बाजू विनाकारण लंगडी होते. अंतिम तारखेच्या आधी लेखी तक्रार करा. ईमेल चालेल, अ‍ॅपमधील तक्रारीचा रकाना चालेल, नुसता फोन मात्र पुरेसा समजू नका. तक्रारीत बिलाचा क्रमांक, वादग्रस्त ओळ आणि तिची रक्कम लिहा, आणि निर्णय होईपर्यंत तेवढी रक्कम बाजूला ठेवून तिच्यावर विलंब शुल्क लावू नये, अशी स्पष्ट मागणी करा. हे वाक्य लिहिणे आवश्यक आहे. संगणकाला वाद कळत नाही, त्याला फक्त थकबाकी कळते. माणसाने त्या रकमेवर खूण केली तरच आकारणी थांबते. मग उरलेली रक्कम वेळेवर भरून टाका. वादातील रक्कम किरकोळ असेल, तर मी संपूर्ण बिल भरून परतावा मागण्याचा सल्ला देईन. मोठी असेल आणि कंपनी ठरलेल्या मुदतीत उत्तर देत नसेल, तर तिच्याच वरच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जावे.

प्रश्न : ‘आपले बिल थकले आहे, आज रात्री सेवा बंद होईल, त्वरित या लिंकवर भरा’ असा मेसेज आला. माझे बिल भरलेले होते, तरी भीती वाटली.

उत्तर : त्या लिंकला हात लावला नसेल, तर काहीही बिघडलेले नाही. खरी कंपनीही स्मरणाचे मेसेज पाठवते, त्यामुळे केवळ मजकुरावरून फरक ओळखू येईलच असे नाही. म्हणून मेसेजमधील लिंकवरून बिल कधीच भरायचे नाही, असा नियमच करावा; अ‍ॅप स्वतः उघडावे, थकबाकी आहे का ते तेथे पाहावे आणि तेथेच भरावे. ओटीपी किंवा कार्डाचा तपशील फोनवर मागणाऱ्याला तो देऊ नये, मग तो स्वतःला कोणीही म्हणवो.

प्रश्न : तीन महिन्यांपूर्वी नोकरी गेली. दोन बिले थकली आहेत आणि तिसरे येईल. कंपनीचा फोन आला की मी उचलत नाही, कारण सांगण्यासारखे काही नाही. क्रमांक गेला तर नोकरीसाठी दिलेल्या सर्व अर्जांवर तोच आहे. काय करू?

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. फोन न उचलण्यामागची भावना मी समजू शकतो, पण नेमके तेच आपण आधी बदलावे, कारण आपला क्रमांक वाचवण्याची वाट त्या फोनमधूनच जाते.

थकलेल्या खात्यावरील कारवाई टप्प्याटप्प्याने होते. प्रथम स्मरणाचे मेसेज आणि फोन येतात. मग आउटगोइंग बंद होते, पण इनकमिंग काही काळ चालू राहते. त्यानंतर इनकमिंगही थांबते, आणि शेवटी जोडणी कायमची बंद होऊन क्रमांक काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. या प्रत्येक टप्प्याचे दिवस कंपनीगणिक वेगळे असतात. आपल्या बाबतीत ते किती आहेत, हे विचारणे हा पहिल्या फोनचा पहिला प्रश्न असू द्या. क्रमांक गेला, तर अर्जांबरोबर बँकेचे ओटीपी ज्या क्रमांकावर येतात तोही हातून जातो. दुसऱ्या कंपनीत क्रमांक नेण्याची वाटही थकबाकी असताना सहसा अडते, आणि काही ठिकाणी थकबाकीची नोंद पतइतिहासातही जाते. आपण घाबरावे म्हणून मी हे लिहिलेले नाही. आपल्याजवळ अजून वेळ आहे आणि तो नेमका कशासाठी वापरायचा, हे कळावे म्हणून लिहिले आहे.

फोन करण्यापूर्वी एका कागदावर तीन आकडे लिहा : एकूण थकबाकी, आज आपण खरोखर भरू शकता ती रक्कम, आणि दरमहा झेपेल अशी रक्कम. दुसरा आकडा लहान असला तरी चालेल, पण तो खरा असू द्या. मोठे आश्वासन देऊन ते मोडले, तर दुसऱ्यांदा मुदत मिळणे कठीण होते. थकबाकी हप्त्यांत भरण्याची सोय अनेक कंपन्या देतात, पण ती जाहिरातीत सांगत नाहीत. हप्ते ठरल्यावर त्या काळात नवे विलंब शुल्क लागू नये आणि इनकमिंग चालू राहावे, हे दोन मुद्दे वेगळे मागून घ्या आणि ठरलेले सर्व मेसेजने किंवा ईमेलने पाठवायला सांगा.

त्याच फोनमध्ये योजना सर्वांत कमी भाड्याच्या योजनेवर आणायला सांगा. नवी योजना पुढच्या चक्रापासून लागू होते, म्हणून हे आजच सांगितले, तर येणारे बिल तेवढ्याने हलके होईल. हँडसेटचा हप्ता त्याच बिलात असेल, तर तो सेवेच्या भाड्यापासून वेगळा आहे आणि योजना बदलल्याने तो कमी होणार नाही, हेही ध्यानात ठेवा. पोस्टपेडचे खाते बंद करून तोच क्रमांक प्रीपेडवर नेणे हा आणखी एक मार्ग आहे. मात्र त्यासाठी आधी थकबाकी फेडावी लागते, तेव्हा तो हप्ते संपल्यानंतरचा टप्पा समजा.

आणि काय बोलावे हे सुचत नाही, असे आपण लिहिले आहे, म्हणून शब्दही देतो. ‘माझी नोकरी गेली आहे, दोन बिले थकली आहेत, मला क्रमांक चालू ठेवायचा आहे, आज मी इतके भरू शकतो आणि पुढे दरमहा इतके, यावर काय व्यवस्था होऊ शकेल?’ एवढे पुरेसे आहे. पलीकडच्या कर्मचाऱ्याला अधिकार नसेल, तर थकबाकीचे काम पाहणाऱ्या विभागाकडे फोन वळवायला सांगा. शक्यतो सकाळी, कार्यालये उघडल्यानंतर लगेच करा आणि तो कागद समोर ठेवा.